घरी बनवलेल्या पेटीत कात अडकतेय? सापाला हात लावायच्या आधी पेटी तपासा

कात अडकली की लोक पहिला प्रश्न विचारतात तो "त्याला काय लावू?" आणि मी दरवेळी एकच सांगतो, सापाला काही लावू नका, आधी पेटीचे फोटो पाठवा. प्लायची पेटी असो, जुना फिशटँक असो की झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा टब असो, कात अडकायची तक्रार आली की बहुतेक वेळा साप धडधाकट असतो आणि पेटी पाणी धरून ठेवत नसते. पेटी दुरुस्त केली की पुढची कात आपोआप नीट निघते, पेटी तशीच ठेवली की दर वेळी तेच, आणि दर वेळी शेपटीच्या टोकाला आणि डोळ्यांना धोका वाढत जातो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं परदेशी जातींबद्दल आहे, म्हणजे बॉल पायथन, कॉर्न स्नेक हे साप, बियर्डेड ड्रॅगन हा सरडा वगैरे. धामण, नाग, दिवड, आपला अजगर, घोरपड, यातलं काहीही घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पिल्लू सापडलं म्हणून वाढवतोय हेसुद्धा चालत नाही. असा साप घरात निघाला तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करा. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहे, त्यामुळे याच कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यापासून त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर पेटीच्या आधी ते काम करा.

लक्षणं

नीट कात म्हणजे नाकापासून सुरू होऊन मोजा उलटा काढल्यासारखी अख्खी एका तुकड्यात निघालेली, डोळ्यांवरच्या दोन्ही पारदर्शक टोप्यांसकट. पेटीत गडबड असली की असं दिसतं:

- कात कागदाच्या कपट्यांसारखी तुकड्यातुकड्यात पडलेली असते, काही तुकडे अंगावरच वाळून चिकटलेले
- शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची रिंग राहते
- डोळे निळसर-दुधाळ होऊन परत स्वच्छ झाले, आठवडा उलटला, तरी कात नाही
- कात निघाली पण एक किंवा दोन्ही डोळे मळकट, सुरकुतलेले दिसतात, म्हणजे टोपी आतच राहिली
- साप दिवसेंदिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहतो
- सरड्यांमध्ये आणि गेकोंमध्ये (म्हणजे पाळीव पालींमध्ये) बोटांवर पांढरट मोजे राहिल्यासारखे दिसतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि बोटाचं टोक गळून पडतं तेव्हा कळतं

सापाच्या जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे कात निघायच्या आधी एक पातळ द्रव तयार होतो, त्यानेच दोन थर सुटतात. अंगात पाणी कमी असलं किंवा आजूबाजूची हवा कोरडी असली की हे सुटणं अर्धवट राहतं आणि कात जागच्या जागी वाळते. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात, पेटीतलं पाणी जातंय कुठे. आत्ता या क्षणी अंगावर अडकलेल्या कातीचं काय करायचं ते खाली वेगळं लिहिलंय.

१. आधी मीटर खरं बोलतंय का ते बघा

फुकटची तपासणी आहे आणि निम्मे लोक इथेच सापडतात. दमटपणा मोजायचं स्वस्तातलं डिजिटल मीटर पेटीच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलेलं असतं, ते तिथली हवा मोजतं, साप राहतो जमिनीवर. मीटर सापाच्या उंचीला आणा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन घ्या, महाग नसतात. जुनी गोल काट्याची मीटरं असतील तर त्यांच्यावर विसंबू नका, त्यांच्या आकड्यात बराच फरक निघतो.

मीटर तपासायचं असं: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपलॉक पिशवीत किंवा हवाबंद डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. मीठ अशा बंद हवेत दमटपणा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. तुमचं मीटर ६८ दाखवत असेल तर ते ७ ने कमी दाखवतंय, मार्करने मीटरवर लिहून ठेवा. हे केल्याशिवाय पुढचे आकडे काढण्यात अर्थ नाही.

आकडे साधारण असे हवेत. बॉल पायथनला गरम कोपरा ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास आणि डोळे निळे झाले, म्हणजे कात जवळ आली, की ७० पर्यंत. कॉर्न स्नेकला गरम बाजू २८ ते ३०, थंड बाजू २२ ते २५, दमटपणा ४० ते ६०. बियर्डेड ड्रॅगन कोरड्या भागातला प्राणी, त्याला हे सापाचे आकडे लावू नका, त्याची कात तुकड्यातच निघते आणि ते नॉर्मल आहे, फक्त बोटं आणि शेपटी बघत जा.

२. पाण्याचं भांडं, आणि त्यात काळे ठिपके

भांडं जड हवं, सापाला वेटोळं घालून बसता येईल एवढं हवं आणि रोज ताजं पाणी हवं. दमटपणा कमी पडत असेल तर भांडं थंड बाजूकडून मधल्या भागाकडे सरकवा, थोडी ऊब लागली की बाष्पीभवन वाढतं. हीटरच्या थेट वर किंवा खाली नको, पाणी कोमट होऊन लवकर खराब होतं.

आता त्याच भांड्याच्या तळाशी नीट बघा. खसखशीएवढे काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइट्स आहेत, म्हणजे सापाच्या अंगावरचे किडे, आणि साप पाण्यात बसून राहायचं कारण कोरडी हवा नसून हे असू शकतं. पांढऱ्या टिश्यूवरून साप हळूच जाऊ द्या, टिश्यूवर ठिपके हलताना दिसले की खात्री झाली. माइट्स असतील तर बाकीची यादी बाजूला ठेवा आणि डॉक्टरला विचारा, कुत्र्या-मांजरांची गोचिडाची औषधं स्वतःच्या मनाने मारू नका, त्यातल्या काहींनी साप मरतात.

३. वरची जाळी

घरगुती पेटीत पाणी जायची सगळ्यात मोठी वाट हीच. विशेषतः फिशटँक, त्याला लोक वर अख्खी जाळी लावतात, हवा खेळती हवी म्हणून. पण खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), वर उघडी जाळी म्हणजे गरम दमट हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीची कोरडी हवा आत येते, दिवसभर हेच चालू.

इथे एक हिशोब लक्षात ठेवा. २० अंशाच्या खोलीत दमटपणा ६० टक्के असेल आणि तीच हवा पाणी न घालता ३२ अंशांपर्यंत तापवली तर तिचा दमटपणा ३० टक्क्यांच्या आसपास येतो. हवेत पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद जास्त असल्यामुळे ती कोरडी होते आणि सापाच्या अंगातून पाणी ओढायला लागते. म्हणून पुण्या-नाशकाच्या डिसेंबर-जानेवारीत, हीटर जास्त वेळ चालतो तेव्हा कात अडकायच्या तक्रारी वाढतात, आणि एसीच्या खोलीत पेटी ठेवणाऱ्यांच्या बारा महिने येतात. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणारे आपले लोक सेंट्रल हीटिंग चालू झालं की हेच सांगतात.

उपाय जवळजवळ फुकट आहे. जाळीचा तीन चतुर्थांश भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने किंवा जाड प्लास्टिक शीटने झाका, वर बल्ब असेल तर त्याच्याजवळ प्लास्टिक नको, तिथे ॲल्युमिनियम फॉइल दुमडून लावा. एक दिवस थांबून मीटर बघा. आतून काचेवर सतत पाणी साचायला लागलं तर जरा जास्त झाकलंय, थोडं उघडा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात याच्या बरोबर उलट करावं लागतं, तिथे जून ते सप्टेंबर सगळी भोकं उघडी ठेवा नाहीतर बुरशी धरते.

प्लायच्या पेटीत बघायची जागा म्हणजे सरकत्या काचांच्या मधली फट. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे काही मिलिमीटरची उभी फट राहते, तिथून हवाही जाते आणि कॉर्न स्नेकचं पिल्लूही जातं. काचेच्या दुकानात पारदर्शक सिलिकॉनची पट्टी मिळते ती लावा आणि शोकेसचं कुलूप घाला.

४. श्रीखंडाच्या डब्यातला ओला कोपरा

पूर्ण पेटी दमट करण्यापेक्षा एक कोपरा दमट करणं सोपं आणि सुरक्षित. अर्धा किलो श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा डबा घ्या, मोठ्या सापाला त्यापेक्षा मोठा, झाकणाला किंवा बाजूला सापाच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट भोक पाडा, कडा मेणबत्तीवर किंवा सँडपेपरने गुळगुळीत करा. आत ऑर्किडवाल्या नर्सरीत मिळतं ते स्फॅग्नम मॉस भिजवून घट्ट पिळून भरा. मॉस नसेल तर भिजवून पिळलेला टिश्यू चालतो, रोज बदला. हा डबा गरम आणि थंड बाजूच्या मधे ठेवा. डोळे निळे झाले की साप स्वतःहून त्यात जाऊन बसतो, गेकोंना तर हे कायमच लागतं.

मला विचाराल तर सगळ्या यादीतला सगळ्यात कामाचा उपाय हाच, कारण कुठे बसायचं हे प्राणी स्वतः ठरवतो, बाकीची पेटी कोरडी राहते आणि पोटाला फोड येत नाहीत.

स्प्रे मारण्याबद्दल बोलायलाच हवं कारण सगळे आधी तेच करतात. सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारला की मीटर उडी मारून ८० वर जातं आणि तासा-दोन तासांत परत ४० वर येतं, कागद मात्र ओलाच राहतो. ओल्या जमिनीवर साप पडून राहिला की पोटाचे खवले लालसर होतात, मग तपकिरी, मग त्यांत पाणी भरतं, याला स्केल रॉट म्हणतात आणि तो कात अडकण्यापेक्षा वाईट.

५. खाली काय अंथरलंय

वर्तमानपत्र आणि टिश्यू साफ करायला बरे पण पाणी धरत नाहीत. त्याऐवजी नारळाचा कोकोपीट वापरा, आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत वीट मिळते. खत मिसळलेला घेऊ नका, भिजवल्यावर एक-दोन पाण्यात धुऊन पिळा, कारण त्यात मीठ असू शकतं. तळाला तीन-चार इंच थर द्या. पाणी वरून शिंपडायचं नाही, थंड बाजूच्या कोपऱ्यात कपभर ओतायचं, ते तळाशी मुरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि खालून हळूहळू वाफ सुटत राहते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, एवढा ओलावा.

सुताराकडचा भुसा वापरू नका, कुठल्या लाकडाचा आहे कळत नाही, आणि देवदार-पाईनसारख्या वासाच्या लाकडातली तेलं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या फुप्फुसांना त्रास देतात. पेटीत डांबरगोळी नको, फिनाईलने पुसणं नको.

हीट मॅट वापरत असाल तर थर जाड केल्यावर वरचं तापमान परत मोजा, कोकोपीट उष्णता अडवतो आणि मॅट खाली जास्त तापते.

६. हीटर आणि थर्मोस्टॅटचा प्रोब

वरचं सगळं करूनही दमटपणा टिकत नसेल तर हीटर गरजेपेक्षा जास्त चालतोय असं समजा. पहिली गोष्ट, थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, कुठे आहे? तो सुटून थंड बाजूला पडला, पाण्याच्या भांड्यात गेला किंवा सापाने ढकलून कोपऱ्यात नेला की थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारच आहे, तो हीटर बंदच करत नाही, गरम बाजू चाळिशी गाठते आणि हवा करपते. मॅट असेल तर प्रोब मॅट आणि टबाच्या तळाच्या मधे बाहेरून घट्ट बसवा, सिरॅमिक हीटर असेल तर गरम बाजूला सापाच्या उंचीला क्लिपने पक्का करा. पेटीच्या आत सेलोटेप कधीच नको, साप चिकटला तर सोडवताना कातडी निघते.

थर्मोस्टॅटच नसेल तर आज काम थांबवा आणि आधी तो घ्या. रेग्युलेटर फिरवून अंदाजाने चालवलेल्या मॅटने सापांची पोटं भाजतात, त्यांना खालून येणारी जळजळ वेळेवर कळत नाही. हीट रॉक (विजेवर तापणारा नकली दगड) तर पेटीबाहेर काढाच.

पेटीत साधा पिवळा बल्ब चोवीस तास जळत असेल तर तो काढून हीट मॅट किंवा थर्मोस्टॅटवरचा कमी वॅटचा सिरॅमिक लावून बघा. सिरॅमिक चिनी मातीच्या होल्डरमध्येच लावायचा, प्लास्टिकचा होल्डर वितळतो, आणि भोवती जाळीचा पिंजरा हवाच, साप गरम वस्तूला विळखा घालतो.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

एसटीसी १०००, डब्ल्यू १२०९ असले तापमानाचे उघडे कंट्रोलर घेऊन लोक घरीच जोडतात, स्वस्त पडतं म्हणून. डब्ल्यू १२०९ स्वतः १२ व्होल्टवर चालतो पण त्याच्या रिलेच्या टोकांवर २३० व्होल्ट उघडे असतात, आणि हे ओल्या पेटीच्या शेजारी. वायर जोडायची सवय नसेल तर हे काम स्वतः करू नका. होल्डरजवळ लाकूड काळं पडलंय, जळका वास येतोय, पेटीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, एमसीबी सारखा पडतोय, यातलं एकही दिसलं की मेन बंद, साप दुसऱ्या टबात, आणि वायरमन. त्याला अर्थिंग बघायला सांगा आणि त्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

७. लाकूडच पाणी पितंय

शेवटची आणि मेहनतीची तपासणी. पेटीच्या आतल्या भिंतीवर आणि तळाच्या सांध्यात पाण्याचे थेंब ठेवा. दहा मिनिटांत थेंब आत मुरले, डाग पडला, तर तुम्ही टाकलेलं पाणी हवेत न जाता प्लायमध्ये जातंय, वर्षभरात ती पेटी फुगणार आणि आतून बुरशी येणार.

साप टबात हलवा. पेटी उन्हात पूर्ण वाळवा, सांधे फिशटँकचं सिलिकॉन लावून बंद करा (बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन नको, त्यात औषध असतं), आणि आतून वॉटरबेस पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन हात द्या किंवा सनमायका चिकटवा. कडा विसरू नका, पाणी सगळ्यात जास्त प्लायच्या कापलेल्या कडेतून शिरतं. मग वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवा, आठवडा तरी धरा, पेटी रात्रभर बंद करून सकाळी नाक आत घालून बघा. जरासा जरी वास आला तरी साप आत जाणार नाही.

पेटी फुगलीच असेल तर नवीन करा, वाटतं तितका खर्च नाही. आठ बाय चार फुटांची एक बीडब्ल्यूपी ग्रेडची (पाण्यात टिकणाऱ्या प्लायची) शीट घ्या, दुकानातच त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे करून मागा, त्यातला एक मधोमध कापून दोन बाय दोनचे दोन. वर, खाली, मागे आणि दोन बाजू, शीट अख्खी संपते आणि चार बाय दोन बाय दोनची पेटी होते, मोठ्या बॉल पायथनला पुरेल अशी, पुढे सरकती काच. हवेची भोकं थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर पाडा, त्यांना आतून सरकतं झाकण ठेवा म्हणजे हिवाळ्यात वरची बंद आणि पावसाळ्यात सगळी उघडी करता येतात. पिल्लासाठी मात्र प्लाय नको, क्लिपचा प्लास्टिक टबच घ्या, तो दमटपणा छान धरतो. भोकं तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर पाडा, म्हणजे टोकदार कडा बाहेर राहतात.

आत्ता अंगावर अडकलेली कात

ओढायची नाही. खोबरेल तेल, व्हॅसलीन, ग्लिसरीन काही नाही, तेलाने कातीत पाणी जात नाही आणि वर कोकोपीट चिकटतो. जुना सुती टॉवेल २८-३० अंशांच्या पाण्यात भिजवून पिळा, हवेची भोकं असलेल्या टबात ठेवा आणि सापाला त्याच्या घड्यांमधून वीस-तीस मिनिटं फिरू द्या, तुम्ही समोर बसून. ओलसर घर्षणाने बहुतेक तुकडे सुटतात. नाही सुटले तर उद्या परत. शेपटीची रिंग ओली झाल्यावर अंगठ्याने टोकाच्या दिशेने हलकेच सरकवा, नाही हलली तर सोडा.

डोळ्याच्या टोपीला हात लावायचा नाही. चिमटा, इअरबड, टेप, काहीच नाही. आत राहिलेली टोपी नीट दमटपणा मिळाला की बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर निघते, पण चिमट्याने खालचा खरा डोळ्याचा पडदा फाटला तर डोळा जातो.

डॉक्टरकडे कधी

दोन कातींनंतरही डोळ्यावर टोपी आहे. शेपटीचं टोक किंवा बोट काळं, सुजलेलं किंवा कडक पडलंय, हे त्याच दिवशी. पोटावर फोड, लाल चट्टे. तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडातून फेस, हेही त्याच दिवशी, कारण हा फुप्फुसाचा संसर्ग असतो आणि पेटी कितीही नीट केली तरी तो आपोआप जात नाही. आणि मीटर तपासलंय, आकडे बरोबर आहेत, तरी लागोपाठ दोन-तीन काती तुकड्यात निघाल्या तर कारण सापाच्या आत आहे, ते घरी शोधत बसू नका.

नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी फोन करून "सरपटणारे प्राणी बघता का" हे विचारा, सगळे बघत नाहीत. जाताना साप उशीच्या अभ्र्यात घालून भोकं असलेल्या टबात न्या, निघालेल्या कातीचे तुकडे पिशवीत घ्या, दोन्ही मीटरच्या आकड्यांचे आणि पेटीचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि परिवेशचं नोंदणीपत्रही बरोबर घ्या.